जुनी गाडी देऊन नवी घेताना: फरक किती आणि नाव कोणाचं?

दसरा, दिवाळी पाडवा, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया. मुहूर्त जवळ आला की ओळखीचे लोक आणि वाचक तेच ते प्रश्न विचारू लागतात. “शोरूमवाले जुन्या गाडीचे तीन लाख म्हणतायत, देऊ का?” “बाहेर विकली तर जास्त येतील का?” “त्यांनी कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या, काही होणार नाही ना?” पहिले दोन प्रश्न काही हजार रुपयांचे आहेत. तिसरा त्याहून फार मोठा आहे आणि तोच बहुतेक जण सगळ्यात शेवटी, गाडी देऊन झाल्यावर विचारतात.

एक्स्चेंजमध्ये तुम्ही एक गाडी विकता आणि दुसरी विकत घेता. हे दोन व्यवहार एकाच टेबलावर, एकाच माणसाशी, बहुधा एकाच संध्याकाळी होतात, म्हणून हिशेब गुंतत जातो. दोन्हींचे आकडे वेगळे मांडा. जुन्या गाडीचा व्यवहार किल्ली दिल्यावर संपत नाही, सरकारी नोंदीतलं तुमचं नाव निघाल्यावर संपतो, हेही लक्षात ठेवा. या लेखातला सगळा सल्ला या दोन गोष्टींवर उभा आहे.

आधी ठरवा: एक्स्चेंज, बाहेर विक्री की भंगार

शोरूममध्ये मिळणारा भाव बाहेरच्या थेट ग्राहकापेक्षा कमी असतो आणि त्यामागे कारण आहे. शोरूम बहुतेक वेळा ती गाडी स्वतःकडे ठेवत नाही. ती जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे जाते, तिची डागडुजी होते, मधल्या प्रत्येकाला नफा हवा असतो. शिवाय जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला खरेदी-विक्रीतल्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. हा कर त्याचा आहे. स्वतःच्या वापरातली गाडी विकणाऱ्या घरगुती मालकाला जीएसटी लागत नाही. तुमच्या रकमेतून कोणी “जीएसटी कापला” असं सांगितलं तर तो आकडा मान्य करू नका.

थेट ग्राहकाला विकलीत तर भाव जास्त येतो, पण अनोळखी लोकांना चकरा मारू देणं, पैशांची खात्री करणं, आरटीओचं काम पाहणं हे सगळं तुमच्या अंगावर येतं. हाताशी वेळ असेल आणि गाडी मागणी असलेली, पाच-सात वर्षांच्या आतली असेल, तर ही मेहनत परवडते. दहा वर्षांपुढची, किरकोळ मागणीची गाडी असेल तर माझं मत एक्स्चेंजच्या बाजूने आहे.

पंधरा वर्षं पूर्ण होत आलेल्या गाडीचा हिशेब निराळा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही येतो. अशा गाडीला शोरूम नाममात्र रक्कम देत असेल, तर नोंदणीकृत वाहन भंगार केंद्राचा भाव विचारून पाहा. तिथे गाडी दिल्यावर ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळतं. ते दाखवून घेतलेल्या नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा केंद्राच्या ऑक्टोबर २०२१ च्या नियमांनी राज्यांना दिली आहे. आपल्या आरटीओत सध्या किती सवलत लागू आहे ते विचारूनच गणित मांडा. गाडी रस्त्यावरच्या भंगारवाल्याला मात्र देऊ नका. सुटे भाग निघून जातात, नोंदणी रद्द होत नाही आणि कागदावर गाडी तुमच्या दारात उभी राहते.

गाडी दाखवायला नेण्यापूर्वी

भाव करायला बसल्यावर “अहो, हे राहिलंय” असं समोरच्याने म्हटलं की प्रत्येक वेळी पाच-दहा हजार कमी होतात. म्हणून या गोष्टी घरूनच पाहून जा:

- आरसीवरचं नाव, चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीशी जुळतात का? आरसीला जोडलेला मोबाइल नंबर अजून तुमच्याच वापरात आहे का? मालकी बदलताना ओटीपी येतात. नंबर बंद असेल तर परिवहनच्या संकेतस्थळावर आधी बदलून घ्या.
- गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, लावलेली आहे का? महाराष्ट्रात तिच्याशिवाय मालकी बदल, कर्जाचा बोजा उतरवणं अशी आरटीओची कामं अडतात.
- ई-चलनं. महाट्रॅफिक ॲपवर किंवा परिवहनच्या ई-चलन पानावर नंबर टाकून पाहा. दोन वर्षांपूर्वीचं सिग्नलचं चलन तुमच्या आठवणीतून गेलेलं असतं, नोंदीतून गेलेलं नसतं.
- पीयूसी चालू आहे ना?
- सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर त्याची आरसीवर नोंद आहे का? टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचं प्रमाणपत्र सोबत ठेवा.
- सर्व्हिसची बिलं आणि दुसरी किल्ली. दुसरी किल्ली नसली की खरेदीदाराला शंका येते आणि ती शंका भावात उतरते.

दुरुस्ती किती करावी, हाही नेहमीचा प्रश्न. आतून-बाहेरून नीट स्वच्छ करा, बंद पडलेला बल्ब, फाटलेला वायपर बदला. नवे टायर, पूर्ण रंगकाम, क्लच असे मोठे खर्च करू नका. त्यावर घातलेले पैसे भावात क्वचितच परत येतात. ताजा रंग पाहिला की तपासनीस उलट अपघाताची खूण शोधू लागतो.

तपासनीस काय पाहतो

शोरूमचा तपासनीस अर्ध्या तासात गाडी फिरून पाहतो. दारांच्या कडा, बॉनेटखालचं वेल्डिंग, डिकीत स्टेपनीच्या खालचा पत्रा, टायरची झीज, इंजिनचा धूर, गिअर आणि क्लच, एसी, मीटरवरचे किलोमीटर. पुराचं पाणी शिरलेली गाडीही तो ओळखतो. सीटच्या रुळांवरचा गंज, पट्टे पूर्ण ओढल्यावर दिसणारी मातीची रेघ, गालिच्याखालचा वास या त्याच्या खुणा आहेत. कोल्हापूर-सांगलीचा २०१९ चा पूर आणि चिपळूणचा २०२१ चा पूर यांनंतर त्या बाजूच्या गाड्या तर बारकाईने पाहिल्या जातात. कोकण-गोव्याच्या किनारपट्टीवर वापरलेली गाडी असेल तर खालच्या पत्र्याचा गंज तो हमखास बघतो.

अपघात किंवा पूर झाला असेल तर सांगून टाका. विमा दाव्याची नोंद विमा कंपनीकडे असते, ती लपत नाही. उशिरा उघडी पडलेली गोष्ट तुम्हाला आयत्या वेळी नडते. सांगितलेली गोष्ट भावात एकदाच मोजली जाते.

तपासणीचा अहवाल लेखी मागा. “क्लचचे वीस हजार, टायरचे बारा हजार धरलेत” असं कागदावर आलं की तुम्ही आपल्या मेकॅनिकला विचारून खरा खर्च काढू शकता. एकाच ठिकाणी थांबू नका. तुमच्या जुन्या गाडीच्या कंपनीचं जुन्या गाड्यांचं दालन (ट्रू व्हॅल्यू, महिंद्रा फर्स्ट चॉइस यांसारखं), एखादी ऑनलाइन खरेदी करणारी कंपनी आणि जिथून नवी गाडी घ्यायची ते शोरूम, असे निदान तीन भाव घ्या. एका शनिवारात हे काम होतं.

शेजाऱ्याला दोन वर्षांपूर्वी मिळालेला भाव डोक्यातून काढून टाका. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. नवी गाडी स्वस्त झाली की त्याच मॉडेलच्या जुन्या गाडीचा भावही खाली सरकतो.

जुन्या गाडीचा भाव विचारू नका, फरक विचारा

लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. जुन्या गाडीची आपल्याला माया असते, तिचा भाव चांगला आला की मन भरतं. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं. तो जुन्या गाडीवर पंचवीस हजार वाढवून देतो आणि नव्या गाडीच्या सवलतीतून, विम्यातून, ॲक्सेसरीजमधून ते परत घेतो.

कल्पित आकड्यांचं एक उदाहरण घेऊ. गाडी एकच, शोरूम दोन.

पहिलं शोरूम:
- नव्या गाडीची ऑन-रोड किंमत ११,४०,००० (यात त्यांचाच ५२,००० चा विमा आणि २५,००० च्या ॲक्सेसरीज)
- सवलत १०,०००
- जुन्या गाडीचे ३,१०,००० आणि एक्स्चेंज बोनस ३०,०००
- तुमच्या खिशातून: ७,९०,०००

दुसरं शोरूम:
- ऑन-रोड ११,०२,००० (तुम्ही बाहेरून घेतलेला ३९,००० चा विमा धरून, ॲक्सेसरीज नाहीत)
- सवलत २५,०००
- जुन्या गाडीचे २,८५,००० आणि बोनस ३०,०००
- तुमच्या खिशातून: ७,६२,०००

पहिल्याने जुन्या गाडीचे पंचवीस हजार जास्त दिले आणि तरी तुमचे अठ्ठावीस हजार जास्त गेले. सीट कव्हर, मॅट वगैरे तुम्हाला हवीच असतील तर त्यांचा बाहेरच्या बाजारातला भाव काढा आणि मग तुलना करा. दोन्हीकडच्या विम्यात संरक्षण सारखं आहे का, हेही पाहा. स्वस्त विम्यात झीरो डेप नसेल तर ती तुलनाच चुकीची ठरते.

म्हणून बोलणी या क्रमाने करा. आधी जुन्या गाडीचा विषय काढूच नका, नव्या गाडीची शेवटची ऑन-रोड किंमत ठरवा आणि कोटेशन लिहून घ्या. मग जुन्या गाडीचा भाव घ्या, मग बोनस. शेवटी एकच प्रश्न विचारा: “मी जुनी गाडी देऊन एकूण किती रुपये भरायचे?” तो आकडा सही-शिक्क्यासह मागा.

कोटेशनमधली प्रत्येक ओळ वाचा. एक्स-शोरूम किंमत, आरटीओचा कर, विमा, फास्टॅग या ओळी समजण्यासारख्या आहेत. ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक्स’, ‘एसेन्शियल किट’ अशा नावाने काही आलं तर ते कशासाठी आणि कोणत्या पावतीवर, हे विचारा. विमा शोरूमकडूनच घ्या किंवा ॲक्सेसरीज घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही, अशी अट घालता येत नाही. एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घ्यायला लावणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा आहे. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस लागतो. ती रक्कम तुमच्या पॅनवर जमा होते आणि आयकर विवरणपत्रात तिचं श्रेय मिळतं, तेव्हा त्याचं प्रमाणपत्र जपून ठेवा.

बोनस कोण देतं आणि कधी

एक्स्चेंज बोनस बहुधा गाडी बनवणारी कंपनी देते, शोरूम फक्त तो पोचवतं. त्यामुळे त्याला अटी असतात आणि त्या महिन्या-महिन्याला बदलतात. तीन गोष्टी लेखी विचारा. जुनी गाडी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावावर असेल, म्हणजे पत्नी-पती, आई-वडील, मुलं, तर चालेल का? पुष्कळ योजनांत चालतं, नात्याचा पुरावा द्यावा लागतो. गाडी बाहेर विकून, नाव बदललेल्या आरसीची प्रत दिली तर बोनस मिळेल का? काही योजनांत तोही मिळतो आणि मग बाहेर विकण्याचं गणित एकदम बदलतं. आणि बोनस आत्ता वजा होणार की जुन्या गाडीचं नाव बदलल्यावर परत मिळणार? नंतर मिळणार असेल तर तारीख लिहून घ्या.

डिलिव्हरीच्या दिवशीची कात्री

पाडव्याची सकाळ. घरची सगळी मंडळी शोरूममध्ये, आजींच्या हातात पूजेचं ताट, पेढ्यांचा बॉक्स, नव्या गाडीला हार. अशा वेळी तपासनीस येऊन म्हणतो, “सर, क्लचचा आवाज येतोय, पंधरा हजार कमी करावे लागतील.” या क्षणी कोणी भांडत नाही. पैसे जातात आणि सणाच्या दिवशी मन खट्टू होतं ते वेगळंच.

यावर उपाय बुकिंगच्या दिवशीच करायचा असतो. नव्या गाडीच्या ऑर्डर फॉर्मवरच जुन्या गाडीचा नंबर, ठरलेली रक्कम, त्या दिवशीचे किलोमीटर आणि हा भाव कोणत्या तारखेपर्यंत कायम राहील ते लिहून घ्या. नवी गाडी शोरूमच्या बाजूने उशिरा आली तर भाव बदलणार नाही, हेही लिहायला लावा. त्याच कागदावर लिहून घेतल्याने जुन्या गाडीचा व्यवहार हा नव्या गाडीच्या खरेदीचाच भाग होता, हे पुढे तक्रार करावी लागली तर दाखवता येतं.

जुनी गाडी मुहूर्ताच्या दोन-तीन दिवस आधी शेवटची दाखवून घ्या, म्हणजे वाद व्हायचा तो सणाच्या आधी होईल. पण तिचा ताबा नवी गाडी हातात येईपर्यंत देऊ नका. “आधी देऊन ठेवा, नवी चार दिवसांत येतेच” हे वाक्य ऐकून महिनाभर रिक्षाने फिरलेली माणसं मी पाहिली आहेत.

नाव बदलेपर्यंत गाडी तुमचीच

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही जुनी गाडी देऊन नवी घेतली. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, खरेदीदाराची जागा कोरी होती. “हे आमचं नेहमीचं आहे, काळजी करू नका” असं सांगितलं गेलं आणि मीही केली नाही. आठ महिन्यांनी माझ्या मोबाइलवर अतिवेगाचं चलन आलं. ज्या गावाला मी आयुष्यात गेलो नव्हतो तिथल्या महामार्गाचं. शोरूमने व्यापाऱ्याचं नाव सांगितलं, व्यापाऱ्याने एजंटाचं, एजंट फोन उचलेना. दंड हजार-दोन हजारांचाच होता. माझी झोप उडाली ती वेगळ्याच विचाराने: त्या गाडीखाली कोणी सापडलं असतं तर?

कायदा याबाबत स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये असंच एक प्रकरण निकाली काढलं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकली गेली होती, पण आरटीओच्या नोंदीत पहिल्याच मालकाचं नाव राहिलं होतं. २००९ मध्ये तिने अपघात केला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर टाकली. अपघातग्रस्त कुटुंबाने विक्रीच्या साखळीतला शेवटचा माणूस शोधत फिरायचं नाही, नोंदीत नाव कोणाचं आहे ते पाहायचं, असा त्याचा अर्थ. मृत्यूच्या प्रकरणात ही भरपाई लाखांत जाते, आणि गाडीचा विमा संपलेला असेल तर ती नोंदणीकृत मालकाच्या घरावर येते.

म्हणून इथे संकोच ठेवू नका. तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत.

पहिला आणि चांगला: अधिकृत डीलर. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याकडून अधिकृतता घेता येते. तिचं प्रमाणपत्र फॉर्म २९-बी मध्ये असतं, ते दाखवायला सांगा. अशा डीलरला गाडी देताना तुम्ही आणि तो मिळून फॉर्म २९-सी परिवहनच्या पोर्टलवर भरता. ती नोंद झाली की तो डीलर त्या गाडीचा मानीव मालक ठरतो आणि पुढे गाडीच्या बाबतीत जे घडेल त्याला तो जबाबदार असतो. खरा ग्राहक मिळायला दोन महिने लागले तरी तुम्ही मोकळे राहता. पोर्टलवरून मिळालेली पोच डाउनलोड करून ठेवा. सगळ्या शोरूमकडे ही अधिकृतता नसते, पण विचारणाऱ्या ग्राहकांची संख्या वाढली की ते घेतील.

दुसरा रस्ता, अधिकृतता नसेल तेव्हाचा:

- फॉर्म २९ आणि ३० वर खरेदीदाराचं नाव, पत्ता आणि तारीख भरल्याशिवाय सही करू नका. ग्राहक ठरलेला नसेल तर शोरूमने किंवा व्यापाऱ्याने स्वतःच्या नावावर घ्यावी, हा आग्रह धरा.
- ताबा पावती घ्या. तीत गाडीचा नंबर, चासी नंबर, किलोमीटर, तारीख आणि वेळ हवी. “या वेळेनंतरची चलनं, अपघात, गुन्हे आणि कर यांची जबाबदारी आमची, आणि अमुक तारखेपर्यंत नाव बदलून आरसीची प्रत देऊ” असं वाक्य, शिक्का आणि सही हवी.
- खरेदीदाराचं आधार आणि पॅन यांची प्रत घ्या. तुमच्या कागदांच्या प्रती देताना त्यावर आडवं लिहा: “फक्त अमुक नंबरच्या गाडीच्या मालकी बदलासाठी.”
- मालकी बदलाची सूचना विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० ने हे काम तुमच्यावर सोपवलं आहे, शोरूमवर नाही. घेणाऱ्याला ३० दिवस असतात. भरलेला फॉर्म २९ स्वतः आरटीओत द्या आणि पोच घ्या.
- ओटीपी मागणारा फोन आला तर कोणाच्या नावावर गाडी जातेय ते आधी विचारा, मग सांगा.

गाडी राज्याबाहेर जाणार असेल, सिंधुदुर्गातली गोव्यात किंवा सोलापूरची कर्नाटकात, तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. एनओसी निघाली म्हणजे नाव बदललं असं नाही. पलीकडच्या राज्यात नोंद होईपर्यंत पाठपुरावा करा.

विमा: पॉलिसी त्यांची, एनसीबी तुमचा

दाव्याविना गेलेल्या वर्षांचं बक्षीस म्हणजे नो क्लेम बोनस, एनसीबी. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, पुढे २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो. तरीही शेकडो लोक तो जुन्या गाडीबरोबर सोडून देतात, कारण शोरूममध्ये कोणी आठवण करत नाही.

विमा कंपनीला गाडी विकल्याचा पुरावा द्या आणि एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र मागा. ते तीन वर्षं चालतं. नव्या गाडीची पॉलिसी निघण्याआधी ते हातात असेल तर सवलत लगेच मिळते. सवलत फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते, थर्ड पार्टीवर नाही. समजा तो हप्ता २४,००० आहे आणि तुमचा एनसीबी ५० टक्के, तर बारा हजार वाचले. जुन्या गाडीच्या भावात पाच हजार वाढवून घ्यायला तुम्ही दोन तास घालवता. हे बारा हजार एका अर्जावर मिळतात.

मात्र जुन्या गाडीची पॉलिसी घाईने रद्द करू नका. नोंदीत तुमचं नाव आहे तोवर निदान थर्ड पार्टी विमा चालू असलाच पाहिजे.

कर्ज बाकी असेल, किंवा गाडी वडिलांच्या नावावर असेल

कर्ज बाकी असेल तर बँकेकडून कर्ज पूर्ण बंद करण्याची रक्कम लेखी घ्या. त्यात मुदतपूर्व फेडीचं शुल्कही दिसेल. शोरूम ती रक्कम थेट बँकेत भरणार असेल तर किती दिवसांत, हे लिहून घ्या, कारण मधला हप्ता चुकला तर डाग तुमच्या क्रेडिट नोंदीवर पडतो. कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळतो. आरसीवरचा बोजा उतरल्याशिवाय नाव बदलत नाही. जमत असेल तर हे काम आधीच उरका, भाव करताना तुमची बाजू भक्कम राहते.

वडील वारले आणि गाडी त्यांच्याच नावावर आहे, हा प्रश्न फार घरांत असतो. “चालतंय हो, सही मारा” असं सांगणारे भेटतील. मृत माणसाच्या नावाने सही करणं हा गुन्हा आहे, कोणीही सांगितलं तरी करू नका. कायद्याने मृत्यूची सूचना आरटीओला ३० दिवसांत द्यायची असते आणि वारसाने तीन महिन्यांत फॉर्म ३१ ने गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. उशीर झाला असेल तरी आधी हेच करा, मग एक्स्चेंज. इतर वारसांची लेखी संमती सोबत ठेवा.

किल्ली देण्यापूर्वी

- फास्टॅग बँकेकडून बंद करा आणि काचेवरून काढून टाका, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून जात राहील.
- स्क्रीनमधले फोन नंबर, घराचा पत्ता, जोडलेले फोन पुसा. कंपनीच्या मोबाइल ॲपमधून गाडी वेगळी करा.
- सोसायटीचं स्टिकर, डॅशकॅमचं मेमरी कार्ड, डिकीतले कागद, डॅशबोर्डवरचा गणपती काढून घ्या.
- मीटरचा आणि गाडीचा चारही बाजूंनी, तारीख-वेळ दिसेल असा फोटो घ्या.

अडलं तर

ठरलेल्या तारखेला नाव बदललं नाही तर फोनवर वेळ घालवू नका. शोरूमच्या व्यवस्थापकाला आणि गाडीच्या कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा, ताबा पावती जोडा, पंधरा दिवसांची मुदत द्या. त्याच वेळी आरटीओला लेखी कळवा आणि पोच घ्या. गाडी कुठे आहे हेच कळत नसेल तर पोलीस ठाण्यातही अर्ज द्या. उद्या काही घडलं तर तुम्ही गप्प बसला नव्हता, हे त्या पोचा सांगतील.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. पन्नास लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहारांच्या तक्रारी तिथे चालतात. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती करायची असते. शुल्क अगदी कमी आहे: दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर काहीच नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल होते. सही केलेलं कोटेशन, ऑर्डर फॉर्म आणि ताबा पावती हे तीन कागद असतील तर तुमचं म्हणणं उभं राहतं.

एक विनंती आहे. तुम्ही याआधी एखादी गाडी दिली असेल, चार वर्षांपूर्वी, दहा वर्षांपूर्वी, तर तिचा नंबर आज एमपरिवहन ॲपमध्ये टाकून पाहा. मालकाच्या नावाची काही अक्षरं झाकलेली असतात, पण आपलं नाव ओळखू येतं. ते अजून तुमचंच दिसत असेल तर उद्याच आरटीओला अर्ज द्या.